इंजिनाने स्वतःची ओळख सांगितली तेव्हा

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे डी. गुकेश बुद्धिबळाचा जगज्जेता झाला. त्या वेळी त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यात एक तपशील वारंवार येत होता. प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी घडणीच्या वर्षांत त्याला संगणकीय इंजिनापासून हेतुपुरस्सर दूर ठेवले होते. इंजिन मुलांच्या इतके हाताशी आले होते, म्हणूनच ते दूर ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी परिस्थिती उलट होती. इंजिन मिळाले तरी ते संगणकावर चालू करणे हीच एक परीक्षा असे.

इंजिनाला स्वतःचा पट नसतो, ही गोष्ट येथे प्रथम लक्षात घ्यावी. ते केवळ गणित करते. त्याला स्थिती सांगावी, त्याने चाल सांगावी, एवढाच त्याचा व्यवहार. पडद्यावर दिसणारा पट, सोंगट्या, घड्याळ हे सारे दुसऱ्याच आज्ञावलीचे काम असते आणि त्या दोघांमध्ये साध्या मजकुराच्या ओळींची देवाणघेवाण चालते. ती कोणत्या भाषेत व्हावी, यावरच वापरकर्त्याची सोय वा गैरसोय ठरत आली आहे.

नव्वदच्या दशकात हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीचे ‘फ्रिट्झ’ विकत घेणाऱ्याला हा प्रश्न पडत नसे. पट आणि इंजिन एकाच घरातून येत. मात्र बाहेरच्या इंजिनाला त्या घराचे दार सहजी उघडत नसे. दुसरीकडे ‘एक्सबोर्ड’ आणि त्याचे विंडोजवरील भावंड ‘विनबोर्ड’. मूळचा ‘जीएनयू चेस’साठी असलेला हा पट टिम मान यांनी अनेक वर्षे वाढवला. तो विनामूल्य होता आणि त्याचे दार सर्वांना खुले होते. पण आत जाण्याची वाट खडतर होती. इंजिनाच्या फाइलचे नाव आणि तिच्या फोल्डरचा पत्ता वापरकर्त्याने आज्ञेच्या ओळीत स्वतः लिहायचा. एखादे अवतरणचिन्ह राहिले की पट उघडे, इंजिन उघडत नसे. इंजिनाने किती स्मृती वापरावी हे बदलायचे तर पुष्कळदा त्याच्या स्वतंत्र मांडणी-फाइलमध्ये शिरावे लागे, आणि प्रत्येक इंजिनाच्या फाइलची रीत निराळी. खेळाडूला येथे अर्धा प्रोग्रामर व्हावे लागे.

नोव्हेंबर २००० मध्ये ‘श्रेडर’चे कर्ते स्टेफान मायर-काहलेन आणि ‘एसओएस’चे कर्ते रुडॉल्फ हूबर यांनी ‘युनिव्हर्सल चेस इंटरफेस’, म्हणजे ‘यूसीआय’, ही संवादपद्धती प्रसिद्ध केली. तिचा कळीचा भाग पहिल्याच प्रश्नोत्तरात आहे. पट इंजिनाला ‘यूसीआय’ एवढाच शब्द पाठवतो. उत्तरादाखल इंजिन आपले नाव सांगते, कर्त्याचे नाव सांगते आणि मग आपल्यात बदलता येण्याजोग्या गोष्टींची यादी वाचून दाखवते. उदाहरणार्थ, ‘हॅश’ नावाची स्मृती, तिचे मूळ मूल्य १६ मेगाबाइट, किमान इतकी, कमाल इतकी. शेवटी ‘यूसीआयओके’ म्हणून ते थांबते. या यादीवरून पट आपण होऊन चौकटी आणि बटणे रेखाटतो. जी माहिती पूर्वी वापरकर्त्याने शोधून लिहायची, ती आता इंजिन स्वतः सांगू लागले.

सोय झाली ती येथे. मार्टिन ब्लूम यांच्या विनामूल्य ‘अरीना’त ‘इन्स्टॉल न्यू इंजिन’ निवडावे आणि फाइल दाखवावी, एवढेच उरले. चेसबेसने २००२ मध्ये यूसीआयला आश्रय दिला, आणि फ्रिट्झच्या पटातही बाहेरची इंजिने सुखाने नांदू लागली. अरीना दोन्ही भाषा बोलत असे, पण तिच्या पडद्यावर बटणांची इतकी गर्दी की नवखा बिचकावा. नीटनेटकेपणात फ्रिट्झ सरस होते. त्याला पैसे मोजावे लागत.

यूसीआयवर आक्षेपही आले, आणि ते पोकळ नव्हते. जुन्या पद्धतीत इंजिन डावाचे भान स्वतः राखत असे. नव्या पद्धतीत पट प्रत्येक वेळी सारी स्थिती नव्याने सांगतो, प्रारंभीच्या चालींचे पुस्तकही बहुधा तोच उघडतो. इंजिनाचे स्वातंत्र्य घटले, अशी तक्रार होती. पुढे एच. जी. म्युलर यांनी विनबोर्डच्या भाषेतही इंजिनाला आपले पर्याय स्वतः सांगण्याची मुभा दिली. मूळ कल्पना किती बिनतोड होती, याची ही प्रतिस्पर्ध्याने दिलेली पावतीच म्हणायची. दोन्ही भाषांमधले दुभाषाचे काम फाबियां लतूझे यांच्या ‘पॉलिग्लॉट’ने केले.

याच लतूझे यांच्या ‘फ्रूट’ इंजिनाची २.१ ही आवृत्ती २००५ मध्ये मुक्त स्रोतासह आली. टोर्ड रोमस्टाड यांच्या ‘ग्लाउरुंग’मधून २००८ मध्ये ‘स्टॉकफिश’ उभे राहिले. स्टॉकफिशला यूसीआयखेरीज दुसरी भाषा येत नाही आणि त्याचा स्वतःचा पटही नाही. जगातले हे बलाढ्य इंजिन पटाची चिंता न करता वाढू शकले, कारण भाषा आधीच ठरलेली होती. भारतातल्या लहान गावातील मुलाला तेच इंजिन एक रुपयाही न देता मिळू लागले, हा त्याचाच परिणाम. पुढे ‘लीचेस’सारख्या संकेतस्थळांनी ते थेट ब्राउझरमध्ये आणले आणि स्थापनेची पायरीच पुसली गेली.

संगणकावर ते उतरवून घेणाऱ्याची अडचण मात्र रूप बदलून राहिली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लीला चेस झीरो’साठी इंजिनाबरोबर न्यूरल जाळ्याची वेगळी फाइल लागे आणि ग्राफिक्स कार्डाला साजेशी आवृत्ती निवडावी लागे. स्टॉकफिशने २०२० मधील बाराव्या आवृत्तीत आपले जाळे इंजिनाच्याच पोटात बसवले. तरीही प्रोसेसरनुसार ‘एव्हीएक्स२’, ‘बीएमआय२’, ‘पॉपकाउंट’ अशा नावांच्या अनेक फाइली दीर्घकाळ समोर मांडलेल्या असत. जुन्या संगणकावर नव्या प्रोसेसरची फाइल निवडली, तर तिच्यातली सूचना त्या प्रोसेसरला ठाऊकच नसे. इंजिन क्षणात बंद पडे आणि पट ‘यूसीआयओके’ची वाट पाहत राही. काय बिघडले हे सांगण्याची सोय यूसीआयमध्ये नव्हती. बोलायला इंजिनच उरलेले नसे.