मोरगावहून ताडोबाला: आमच्या उन्हाळी ट्रिपचा नकाशा कुणी काढला?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग सुट्टीचा आहे, पण विषय इतिहासाचाच. झालं असं की आम्ही चौघा मित्रांनी मे महिन्यात गाडी काढायचं ठरवलं. मोरगावहून निघायचं आणि एका दमात विदर्भातली राष्ट्रीय उद्यानं करून यायची. मेळघाटातलं गुगामल, नागपूरजवळचं पेंच, गोंदियाकडचं नवेगाव आणि शेवटी ताडोबा. आठ दिवस. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग. मोबाईलवर पिना टोचल्या, खर्चाची वाटणी झाली.

लोक विचारतात, एवढ्या उन्हात का? तर विदर्भातलं जंगल पानगळीचं आहे. मे महिन्यात सागाची पानं गळालेली असतात, ओढे आटलेले असतात, त्यामुळे जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि लांबूनही दिसतात. शिवाय ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. म्हणजे सुट्टीवाल्यांना मे महिनाच बरा. आणि हो, ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे बुकिंग करताना विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

तर नकाशा तयार झाला आणि मी तो फुशारकीनं वस्तीवरच्या तात्यांना दाखवायला गेलो. तात्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. आता वय झालं म्हणून घरी असतात.

"कुठं निघालास?"

"जंगल बघायला, तात्या. आठ दिवस."

"आठ दिवस? आम्ही आठ म्हैनं फिरायचो, कुणी तिकीट मागितलं न्हाई." मग त्यांनी समोरच्या माळाकडं बोट केलं. "जंगल म्हंजी झाडंच का रं? मग ह्यो काय हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आलो आणि आमच्या नकाशावरच्या पिना परत बघितल्या. सगळ्या झाडांच्या प्रदेशात. असं का, हे शोधायला बसलो, आणि त्यातून हा भाग तयार झाला.

जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे अमेरिकेतलं यलोस्टोन, साल १८७२. कल्पना अशी, की सुंदर जागा राखून ठेवायची आणि लोकांनी ती बघून परत जायचं. पण तिथं आधीपासून राहणाऱ्या मूळ रहिवाशांना त्यातून बाहेर पडावं लागलं. हा भाग माहितीपत्रकात नसायचा.

आपल्याकडं गोष्ट वेगळ्या टोकानं सुरू झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि मग देशभर रुळ पसरले. रुळांना स्लीपर लागतात, स्लीपरला लाकूड लागतं. १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखातं काढलं आणि १८७८ च्या कायद्यानं 'राखीव जंगल' ही गोष्ट पक्की केली. मेळघाटासारखं सागवानाचं रान सरकारनं लवकर ताब्यात घेतलं. म्हणजे रेघ आधी लाकडासाठी मारली गेली. वाघ त्या रेघेच्या आत होता, म्हणून पुढं तो वाचवायची सोय झाली.

आणि आपला माळ? इथं ना साग, ना फारसा शेतसारा. कागदावर तो बहुतेक 'पडीक' म्हणून राहिला. तो शब्द अजून त्याला चिकटून आहे.

आता ताडोबा बघा. १९३५ मध्ये तिथं शिकार बंद झाली आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. गंमत म्हणजे महाराष्ट्रातलं हे सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रापेक्षा जुनं आहे! तेव्हा चंद्रपूर मध्य प्रदेशात होतं. नावाची गोष्ट अजून भारी आहे. तारू नावाचा गोंडांचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. आता आपल्या गावाचं नाव आठवा. मोरावर बसलेला मयुरेश्वर, म्हणून मोरगाव. पार सातशे किलोमीटरवरच्या दोन जागा, आणि दोन्हीकडं देवाची गोष्ट एका रानटी जिवाशी बांधलेली. माणूस, देव आणि जनावर एकाच जागी राहतात, हे आपल्या लोकांना नवं नव्हतं.

नवेगावही तसंच. तिथला मोठा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधला असं मानतात. शेतीसाठी केलेलं पाणी पुढं पाखरांचं घर झालं आणि १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा भाग झालं. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून तिथं काढलेल्या दिवसांवर लिहिलंय. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, म्हणजे आपल्याच माळाकडचे!

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ जागांत मेळघाट होतं. या कायद्यात एक फरक आहे, तो नीट ऐका. अभयारण्यात परवानगीनं गुरं चारता येऊ शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराई बंद. म्हणजे आपण 'नॅशनल पार्क' म्हणून पिन टोचतो, तेव्हा ती जागा कुठल्या तरी तात्यांना बंद झालेली असते. मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला बाहेर हलवली. आपल्या पश्चिमेला चांदोली आहे, २००४ चं राष्ट्रीय उद्यान. तिथली गावं धरण आणि अभयारण्य या दोन्हींपायी उठली.

मी वाघाच्या विरोधात नाही हां. रेघ मारली नसती तर कदाचित वाघ उरलाच नसता. पण जिप्सीत बसून फोटो काढताना आपल्याला एवढं तरी माहीत असावं, की ही शांतता आपोआप आलेली नाही. कुणीतरी घर सोडलंय.

आता परत माळावर. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. त्यातलं एकही माळरानासाठी केलेलं नाही. माळाच्या वाट्याला अभयारण्यं आली. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळंच आलं. अर्थात ते सांभाळणं जमलं नाही. पुढं ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, आणि तोवर माळढोक दिसेनासा होत गेला. दुसऱ्या टोकाला कर्जतजवळ रेहेकुरी, काळविटांसाठी, १९८० चं, फक्त २.१७ चौरस किलोमीटर. आणि मोरगावहून पंधराएक किलोमीटरवर सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य, १९९७ चं, ५.१४ चौरस किलोमीटर. तिथं चिंकारा आहे. मी किती वेळा त्या रस्त्यानं गेलोय, पण गाडी कधी थांबवली नाही.

चिंकाऱ्याला कुंपण कळत नाही. तो बाहेरच्या माळावरही चरतो, लांडगाही तिथंच फिरतो. तो माळ पडीक म्हणून नांगरला, प्लॉट पाडून विकला, किंवा झाडं लावायची म्हणून खड्ड्यांनी भरला, तरी माळ संपतोच. हो, झाडं लावूनही! वृक्षारोपणाचे फोटो मीही टाकलेत, म्हणून सांगतोय.

तर आमचा नकाशा बदललाय. पहिली सकाळ सुप्याला, उजाडायच्या आत. मग रेहेकुरी. त्यानंतर अहिल्यानगरवरून पुढं विदर्भ. पेंचला एक दिवस कमी केला. परत आल्यावर एक शनिवार इंदापूरच्या कडबनवाडीला. वनखात्यानं तिथं आणि बारामतीच्या गाडीखेलला माळरानाची सफारी सुरू केलीय, स्थानिक वाटाड्यांसह. ज्यांना माळ माहीत आहे त्यांनाच तो दाखवायचे पैसे मिळतात, हे मला आवडलं.

नवा नकाशा घेऊन तात्यांकडं गेलो. सुप्याची पिन दाखवली. त्यांनी मोबाईल लांब धरून बघितला आणि म्हणाले, "पहाटंचं जावा. उनं तापली की चिंकारा झुडपाखाली बसतो, दिसायचा न्हाई."

मी म्हणालो, "मग तुम्हीच चला की, तात्या."

तात्या पुढच्या सीटवर बसणार आहेत. सुप्यापर्यंत. तिथं काय दिसलं, ते पुढच्या भागात. तोवर पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि आपल्या गावाबाहेरच्या माळाकडं एकदा नीट बघा. भेटू!