बोहाडा

पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात मुखवटे घालून केले जाणारे आदिवासी विधिनृत्य. भोवाडा, आखाडी ही त्याचीच नावे. जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा भागांतील कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर या जमाती होळीनंतर, पाऊस सुरू होण्याआधी रात्र रात्र जागून तो करतात. मोखाड्याच्या जगदंबा उत्सवातील बोहाडा विशेष प्रसिद्ध आहे.

मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. आता बहुतेक कागदाच्या लगद्याचे असतात. सोंगाचा मान काही घराण्यांत पिढीजात चालतो, काही गावांत लिलावाने ठरतो. कोणी नवस फेडायलाही सोंग घेतो. आधी मुखवट्याची पूजा होते, मग तो फडक्याने डोक्याला घट्ट आवळतात. आतल्या माणसाला दिसते ते जेमतेम फटीतून. रावणाची तोंडे दोन्ही बाजूंना पसरलेली असल्याने ते सोंग पेलणे सर्वांत कठीण. संबळाच्या ठेक्यावर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग पुढे-मागे पावले टाकीत येते : आधी गणपती, शारदा, मग मारुती, नरसिंह, भीम, त्राटिका. अखेरीस देवी महिषासुराला मारते. मुखवटा चढला की रोजच्या ओळखीचा शेजारी देव होतो आणि गाव त्याच्या पाया पडते. बोहाड्याचे खरे बळ या श्रद्धेत आहे, मुखवट्याच्या कारागिरीत नव्हे.

उत्सवाच्या शेवटी सोंगे आणण्याची रीत महाराष्ट्रात लळित या लोकनाट्यातही आहे. जालन्याजवळच्या देऊळगाव राजा येथील बालाजी उत्सवाची सांगता लळितानेच होते. मात्र लळितात संवादाला महत्त्व, बोहाड्यात नृत्याला. मुखवट्याने माणूस बदलतो ही श्रद्धा आफ्रिकेतही आहे : झांबियाच्या लुवाले, चोक्वे आदी लोकांत मुलांच्या दीक्षाविधीच्या वेळी ‘माकिशी’ मुखवटे पूर्वजांचे आत्मे म्हणून नाचतात. युनेस्कोने 2005 मध्ये या परंपरेला मानवतेचा वारसा म्हणून गौरवले. तिथे मुखवट्यात पूर्वज येतो, इथे पुराणातला देव किंवा दैत्य.

जव्हार भागातील कारागीर आता दिवाणखान्यांसाठीही मुखवटे करतात. त्यातून त्यांच्या हाती चार पैसे येतात, हे चांगलेच आहे. पण भिंतीवरच्या मुखवट्यावरून बोहाडा कळत नाही. तो पाहायचा तर गावात रात्र काढावी आणि नाचत्या सोंगाच्या डोळ्यांवर कॅमेऱ्याचा झोत मारू नये.