रविवारचा विसांवा व त्याचे कायदे

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आमच्या धर्मबंधुभगिनींस एक प्रश्न विचारावासा वाटतो. रविवारची सुटी आपणांस कोणी दिली? पुष्कळजण म्हणतील, सरकारनें. इतिहासाची साक्ष थोडी निराळी आहे.

इ. स. ३०४ सालीं, डायोक्लेशियन बादशहाच्या छळांत, उत्तर आफ्रिकेंतील अबितिना गांवचे ४९ ख्रिस्ती लोक रविवारच्या उपासनेस जमले म्हणून पकडले गेले. प्रभुभोजनावांचून आम्हांस राहवत नाहीं, हेंच त्यांचें कार्थेजच्या न्यायासनापुढील म्हणणें. त्यापायीं त्यांनीं यातना व मरण पत्करिलें. सुटी कोणीं मागितली नाहीं.

पुढें अवघ्या १७ वर्षांनीं, ३२१ च्या मार्चांत, कॉन्स्टंटाईन बादशहानें रविवारीं न्यायाधीश, नगरवासी व कारागीर ह्यांस विसांवा फर्माविला. शेतकऱ्यास मात्र मोकळीक ठेविली. कारण पेरणीची व द्राक्षवेल लावण्याची वेळ एकदां हुकली म्हणजे गेलीच. त्याच वर्षाच्या जुलईंत दुसरा हुकूम निघाला, कीं रविवारीं कज्जे बंद असले तरी गुलामास मुक्त करण्यास आडकाठी नसावी. ३८६ च्या कायद्यानें ऋणकोमागें तगादा लावण्यासही त्या दिवशीं मनाई केली. मोशेच्या नियमशास्त्रांत दासदासींस व बैलासही विसांवा सांगितला आहे, त्याचीच ही छाया होय.

पुढें पुढें दंडावरच भर आला. इंग्लंडच्या १६७७ च्या कायद्यानें रविवारीं धंदा करणाऱ्या चौदा वर्षांवरील माणसास पांच शिलिंग दंड ठरविला.

मुंबईच्या गिरणी-कामगारांस तर हा विसांवा बरेच दिवस नव्हताच. सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं त्यासाठीं चळवळ केली, व १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. १८९१ त कारखान्यांच्या कायद्यांत आठवड्याची सुटी आली. त्याच वर्षीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं आपल्या 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकांत रविवारचा विसांवा हा कामकऱ्याचा हक्क म्हणून प्रतिपादिला. आपला मजूर आज देवळांत येऊं शकतो, ह्याचें श्रेय एका ख्रिस्तेतर गृहस्थासही आहे, हें कृतज्ञतेनें स्मरावें.

व्यासपीठावरून आम्हीं गैरहजरांस पुष्कळ वेळां बोल लाविला; परंतु त्यांस कामावर कोणीं अडकवून ठेविलें, हें क्वचितच विचारिलें. हा दोष आम्हांस कबूल आहे. कायदा गिरणीचें दार लावूं शकतो. आपल्या घरची मोलकरीण व वाडींतला गडी ह्यांस रविवार देणें मात्र आपल्याच हातीं आहे. मिस्सेस निघतांना प्रत्येक धन्यानें एकदां मागें वळून पाहावें, हीच आमची विनंति.