आग्र्याच्या कबरस्तानातील मराठी इतिहास
नगराचा इतिहास आपण दफ्तरांत शोधतो. कबरस्तानाकडे सहसा वळत नाही. आग्र्याच्या रोमन कॅथलिक कबरस्तानात मात्र, लाल दगडात ताजमहालाच्या घाटाची एक कबर उभी आहे. ती शिंद्यांचा डच सेनानी जॉन हेसिंग याची. महादजींच्या सेवेत चढलेला हा आग्र्याचा किल्लेदार जुलै १८०३ मध्ये वारला. ऑक्टोबरात लेकने किल्ला घेतला. मराठी अंमलाची अखेर या थडग्यापाशी अशी दगडात टिकून राहिली आहे. सनदी अधिकारी ब्लंट यांनी १९११ मध्ये संयुक्त प्रांतांतील थडग्यांवरील लेख ग्रंथरूपाने छापले. झिजलेले अक्षर पुन्हा वाचता येत नाही. म्हणून आपापल्या नगरातील लेख आजच उतरून घेणे, हे आम्ही शिक्षकांचे कर्तव्य समजतो.