हौशी यंत्रमानव, स्मृती आणि खोलीचा नकाशा : एक ऐतिहासिक आढावा

घरातील खोल्यांमधून स्वतःची वाट शोधणाऱ्या यंत्रमानवाचा इतिहास बहुधा संगणकीय स्मृतीच्या घटत्या किमतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. स्मृती स्वस्त झाली आणि यंत्र शहाणे झाले, ही मांडणी सोयीची असली तरी अपुरी आहे. स्मृती किती होती, यापेक्षा तीत काय साठवावे हा प्रश्न अधिक निर्णायक ठरल्याचे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये तयार केलेली ‘एल्मर’ व ‘एल्सी’ ही यांत्रिक कासवे प्रत्येकी दोन निर्वात नळ्यांवर चालत. ती प्रकाशाकडे वळत आणि अडथळा लागताच दिशा बदलत. जागेची आठवण मात्र त्यांना मुळीच नव्हती. बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये बनविलेला ‘थीसियस’ हा उंदीर २५ चौकोनांच्या भुलभुलैयातील वाट लक्षात ठेवीत असे. वस्तुतः उंदीर नुसताच फिरे. स्मृती होती ती जमिनीखालील रिलेंमध्ये. प्रत्येक चौकोनातून तो शेवटी कोणत्या दिशेने बाहेर पडला, एवढेच तेथे टिपले जाई. चार दिशांपैकी एक नोंदविण्यास दोन रिले पुरेसे होत. भिंत हलविली की जुनी नोंद निरुपयोगी ठरे व शोध पुन्हा सुरू होई. पुढे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील ‘शेकी’चा (१९६६-७२) मेंदूही स्वतंत्र मोठ्या संगणकातच होता.

हौशी मंडळींच्या दृष्टीने खरी कसोटी ‘मायक्रोमाउस’ स्पर्धेने निर्माण केली. ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने १९७७ मध्ये ती जाहीर केली. न्यूयॉर्क येथील १९७९ च्या अंतिम फेरीत बाजी मारली ती केवळ भिंतीला धरून धावणाऱ्या, स्मृतिहीन यंत्राने! प्रवेश आणि निर्गम दोन्ही बाहेरच्या कडेला असल्याने आठवणीची गरजच नव्हती. १९८० च्या लंडन येथील स्पर्धेसाठी जॉन बिलिंग्जली यांनी लक्ष्य मध्यभागी नेले आणि नकाशा अपरिहार्य झाला. १६ × १६ म्हणजे २५६ चौकोन, प्रत्येकाच्या चार भिंतींसाठी चार बिट धरले, तरी १२८ बाइट पुरतात. स्मृतीची चणचण येथे नव्हतीच. कारण भिंती ठराविक अंतरावर आणि काटकोनात होत्या.

खोलीचे तसे नसते. हीथकिट कंपनीने १९८२ मध्ये सुट्या भागांच्या संचरूपातही विक्रीस आणलेल्या ‘हीरो-१’ मध्ये ४ किलोबाइट स्मृती व श्राव्यातीत ध्वनीने अंतर मोजणारा संवेदक होता. ५ × ४ मीटरची खोली १० सेंटिमीटरच्या चौकोनांत विभागल्यास २,००० चौकोन होतात. प्रत्येकी एक बाइट दिला तर जवळजवळ निम्मी स्मृती संपते. चौकोन ५ सेंटिमीटरचे केल्यास ८,००० बाइट लागतात, म्हणजे नकाशा मावतच नाही. भरकटलेल्या नोंदींचा प्रश्न मात्र याहून बिकट होता. चाके घसरतात, त्यामुळे यंत्राचा स्वतःच्या जागेविषयीचा अंदाज दर फेरीला चुकत जातो. ध्वनीचा झोत पसरट असल्याने खुर्ची नेमकी कोठे आहे हे एका मापनातून कळत नाही. अशा यंत्राला दसपट स्मृती दिली असती, तर त्याने दसपट चुका जपून ठेवल्या असत्या.

हा पेच कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स मोरावेक व अल्बेर्टो एल्फेस यांनी १९८५ मध्ये सोडविला. त्यांनी चौकोनात ‘भरलेला’ वा ‘रिकामा’ असा निर्णय न साठविता तो भरलेला असण्याची संभाव्यता साठविली. अनेक मापने एकमेकांवर पडत जाऊन चित्र स्पष्ट होई. संशयालाच स्मृतीत जागा देण्याची ही कल्पना त्या काळातील कोणत्याही नव्या चकतीपेक्षा मोलाची होती. यंत्राच्या स्थानातील चूक व नकाशातील चूक परस्परांशी निगडित असतात, हे स्मिथ व चीझमन यांच्या १९८६ च्या सुमारास झालेल्या कार्यातून पुढे आले. त्यातूनच स्थाननिश्चिती व नकाशा एकाच वेळी साधणारी ‘स्लॅम’ ही पद्धती नव्वदच्या दशकात नावारूपास आली.

बाजाराने मात्र वेगळाच क्रम अनुसरला. २००२ मधील ‘रूम्बा’ हा केर काढणारा यंत्रमानव नकाशाविना, वॉल्टर यांच्या कासवांप्रमाणे धडकत-वळतच फिरे आणि तरीही खपला. कॅमेऱ्याच्या साहाय्याने नकाशा करणारे त्याचे ९८० हे प्रारूप २०१५ मध्ये आले. आज हौशी अभ्यासकाच्या तळहाताएवढ्या संगणकात गिगाबाइटभर स्मृती असते. तरीही काचेच्या दारासमोर किंवा एकसारख्या लांब मार्गिकेत त्याचा लेसरधारी यंत्रमानव चाचपडतो.