सुटणारा लेप

नांदेड वा लातूरच्या बाजारात आज मंडळांचे नि क्रीडासंघांचे टी-शर्ट छापून मिळतात, त्यांतील पुष्कळसे ‘फिल्म’वरून छापलेले असतात. पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर सहज सुटणारा लेप, त्यावर शाई, शाईवर उष्णतेने वितळणारी चिकट भुकटी. सुमारे १५० ते १६० अंशांवर तापलेल्या दाबयंत्राखाली चित्र कापडाला चिकटते. फिल्म सोलून केरात जाते. यात नवे काय? प्लास्टिक आणि उष्णता, एवढेच.

अलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शिळामुद्रण शोधले. दगडावर थेट लिहायचे तर अक्षरे उलटी काढावी लागतात. त्याने कागदाला लेप दिला, त्यावर तेलकट शाईने सुलटे लिहिले आणि ओलसर कागद दगडावर दाबला. पाण्याने लेप सुटतो, शाई दगडावर उतरते. आपल्या शोधाचा हाच भाग सर्वांत महत्त्वाचा, असे तो मानीत असे. या लेपाच्या कृती जुन्या पुस्तिकांत पाककृतींसारख्या सांगितलेल्या आढळतात: खळ, डिंक, सरस, आणि लेपाची बाजू ओळखू यावी म्हणून किंचित पिवळा रंग.

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, हे आपण वर्गात शिकवतो आणि लगेच जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’कडे, सुबक खिळ्यांकडे वळतो. मुद्रणाचा इतिहास म्हणजे खिळ्यांचा इतिहास, ही मुंबई-पुण्याची समजूत आहे. मराठवाड्याला ती पुरत नाही.

१९४८ पर्यंत नांदेड आणि (तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले) लातूर निजामाच्या राज्यात होते. तेथे १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. नस्तालीक लिपीत अक्षरे तिरकी उतरत एकमेकांत गुंततात. ती खिळ्यांत बसवणे फार अवघड. म्हणून उर्दू छपाई दीर्घकाळ दगडावरच राहिली. कातिब पिवळ्या लेपाच्या कागदावर बोरूने लिहीत आणि तो मजकूर दगडावर उतरवला जाई. म्हणजे कचेरीतल्या उर्दू छापील कागदातही कोणाचे तरी हस्ताक्षर असे. ‘मुद्रणाने हस्ताक्षर मागे टाकले’ हे आपले लाडके वाक्य येथे अडखळते. (मोडीची शिळाछाप पाठ्यपुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.)

खिळ्यांचे कारखाने नोंदी ठेवतात, नमुने छापतात. लेपाचा कागद मात्र आपले काम करताना स्वतः संपतो. दगडही घासून पुन्हा वापरला जातो. कातिबाने प्रत्यक्ष लिहिलेले पान त्यामुळे संशोधकाच्या हाती बहुधा येतच नाही, हाती येतात त्या प्रतीच. त्या प्रतींकडेही मराठीचे अभ्यासक ‘उर्दू’ म्हणून फिरकत नाहीत, आणि एका प्रदेशाच्या वाचनाचा मोठा भाग आपल्या वाङ्मयेतिहासाबाहेर राहतो.

१९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने ‘नूरी नस्तालीक’ हा संगणकीय टंक वापरात आणला आणि कातिबांचा व्यवसाय ओसरू लागला. त्या टंकातील हजारो जोडरूपे मिर्झा अहमद जमील यांनी आधी हाताने लिहून काढली होती.