बाळाची बुबुळं सारखी हलतात? मान वाकडी करून बघणं ही खोड नव्हे

तान्ह्या बाळाची बुबुळं एका जागी ठरत नाहीत, सारखी डावी-उजवीकडे हलत राहतात. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात. नाव जन्मजात असलं तरी घरच्यांच्या लक्षात येतं ते बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. मग दृष्ट काढणं होतं, ग्रहणावर खापर फुटतं, नाहीतर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून सोडून दिलं जातं. वेळ जातो तो इथेच.

कारण काहींच्या डोळ्यातच असतं. जन्मापासून मोतीबिंदू, पडदा किंवा डोळ्याची नस कमजोर, किंवा अंगात रंगद्रव्य कमी (अशा मुलांचे केस पांढुरके, उन्हात डोळे उघडत नाहीत). काहींचा डोळा चांगला असतो, पण डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत दोष असतो आणि तो घराण्यातून येऊ शकतो. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लवकर लागतं, उशीर झाला तर नजर पुरती येत नाही. म्हणून तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

डोळे हलतात म्हणून मुलाला जग हलताना दिसत नाही, मेंदूला त्याची सवय झालेली असते. मात्र लांबचं धूसर दिसतं, जवळचं त्यामानाने बरं. दमल्यावर, घाबरल्यावर हालचाल वाढते. घरी नीट वाचणारं पोर परीक्षेत अडखळतं ते यामुळेही.

बऱ्याच मुलांची बुबुळं एका ठराविक दिशेला नेली की शांत होतात. त्यासाठी ते मान तिरकी करतं. ‘सरळ बघ’ म्हणून त्याला दटावणं म्हणजे दिसतंय तेवढंही काढून घेणं. तोंड डावीकडे वळवणाऱ्या मुलाचे डोळे उजवीकडे असतात. त्याला फळ्याकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला, पुढच्या बाकावर बसवलं की काम सोपं होतं.

पूर्ण बरं करणारं औषध नाही. नंबर असेल तर चष्म्याने फरक पडतो, मान फारच वळत असेल तर काहींना डोळ्याच्या स्नायूंचं ऑपरेशन सुचवतात. एक डोळा झाकला की काहींची हालचाल वाढते, तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवूनही नजर मोजायला सांगावं.

अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल जरूर दाखवावं, ते पुढे पाठवतात. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं तर प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ मिळतो.

मोठ्या माणसाचे डोळे मात्र अचानक हलायला लागले तर ते वेगळं दुखणं, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.